गाळा घेऊ, की पुण्याची नोकरी धरू?

लातूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्यांचं म्हणणं थोडक्यात देते.

वय ३४, शिक्षण बीसीए. आठ वर्षांपासून घरातूनच छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवतात. डाळ मिल, मुलींचं वसतिगृह, दोन कोचिंग क्लास, दातांचे डॉक्टर, शेती अवजारांचं दुकान, अशी तीसेक गिऱ्हाइकं. घरात फिरतीची नोकरी असलेला नवरा, सासूबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पेन्शन घेणारे सासरे आणि चौथीतली मुलगी. काम थोडं आणि कामाआड येणाऱ्या भानगडीच जास्त, असं त्या लिहितात. लाईट जाते. रस्ता खोदला की फायबर तुटते. मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टात येतो, फोटो व्हॉट्सअॅपवरून धुरकट होऊन येतात. ओटीपी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातो आणि गिऱ्हाईक कुणाच्या तरी लग्नात असतं. रात्री साडेदहाला फोन येतो, "ताई, साईट उघडंना गेली." गल्लीतली माणसं केवायसी करून दे, प्रिंट काढून दे म्हणत दारात असतात. आणि सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "ती काही करत नाही, घरीच असते."

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी डाळ मिलची साइट अचानक 'सुरक्षित नाही' असं दाखवू लागली. मालकांचे फोनवर फोन. ताई लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत, बाहेर नैवेद्याची ताटं वाढलेली आणि सगळे आरतीला ताटकळलेले. यात पाऊण तास गेला. मालकांच्या पुतण्याने ईमेल सुरू करण्यासाठी महिना-दोन महिन्यांपूर्वी डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याच्या, सेटिंगमध्ये बदल केले होते, हे नंतर कळलं. त्याच रात्री नवरा म्हणाला, "एक तर सरळ नोकरी धर, नाहीतर हे बंद कर." पुण्याच्या एका कंपनीत घरून करायची नोकरी मिळते आहे, महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. नाहीतर औसा रोडला गाळा घेऊन कामच घराबाहेर न्यायचं. ताईंचा प्रश्न असा : गाळा की नोकरी? आणि लाईट-नेटच्या कटकटीतून सुटायचं कसं?

ताई,

तुमच्या पत्रात लाईट इतक्या वेळा गेली आहे की क्षणभर वाटलं, हे पत्र माझ्याऐवजी वीज कंपनीकडे जायला हवं होतं. पण मग महालक्ष्म्यांच्या दिवसाशी आले आणि तिथे थबकले. त्या दिवशी लाईट होती. नेट होतं, लॅपटॉप धड होता. तरीही घरात व्हायचं ते झालंच. म्हणून आधी त्याच दिवसाकडे नीट बघू या. त्यात तुमच्या बाकीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ आहे असं मला वाटतं.

साइटला लावलेलं फुकटचं सुरक्षा प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधीपासून ते आपोआप नवं करून घेण्याचा प्रयत्न सुरू होतो. पुतण्याने डोमेनच्या नोंदी इकडून तिकडे हलवल्या तेव्हा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची नोंद राहून गेली, असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे साइट चालत राहिली, नूतनीकरण मात्र रोज फसत राहिलं. महिनाभर. कुणाला पत्ता नाही. पूर्वी हे फुकटचं प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मुदत संपत आल्याचा ईमेल यायचा, तोही ४ जून २०२५ पासून बंद झालाय. म्हणजे रोज नाही तरी महिन्यातून एकदा कुणीतरी डोकावून बघायला हवं होतं. कुणी? अर्थातच तुम्ही. आणि त्या डोकावण्याचे पैसे? त्याबद्दल तुमच्यात आणि मालकांत कधी बोलणंच झालेलं नाही.

हे काम पुढे वाढणार आहे. सशुल्क असो की फुकट, प्रमाणपत्राची जास्तीत जास्त मुदत कमी करत नेण्याचं ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवलंय. ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ च्या १५ मार्चपासून १०० आणि २०२९ च्या १५ मार्चपासून ४७ दिवस. त्याशिवाय साइट ज्यावर बांधलेली असते त्या वर्डप्रेसचे अपडेट, त्याला जोडलेल्या प्लगइनची भांडणं, साइटला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्याने सर्व्हरवरच्या पीएचपीची आवृत्ती बदलली की कोलमडणारा संपर्काचा फॉर्म, हे सगळं आहेच. साइट एकदा बांधून होते, पण तिची राखण संपत नाही. तुम्ही पैसे घेतले बांधकामाचे, आणि राखण गळ्यात पडली ती फुकट.

आपल्या गावांत सुतार-लोहार वर्षभर नांगर, पाभर, तिफण दुरुस्त करून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर त्यांचं बलुतं मोजून पडायचं. त्या व्यवस्थेतला जातीचा जाच मला गोंडस करून सांगायचा नाही. पण वर्षभराच्या दुरुस्तीला वर्षाचं धान्य, एवढा हिशेब तिथेही कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. तुमचा भाता बारा महिने चालू आहे आणि खळ्यावर तुम्ही आठ वर्षांत एकदाही गेलेल्या नाहीत. ते धान्य तुमच्या घराच्या कणगीतून जातंय : मुलीच्या संध्याकाळीतून, तुमच्या झोपेतून, आरतीच्या वेळेतून. सासूबाईंना आणि तुमच्या नवऱ्याला जे खटकतंय ते हेच असावं. त्यांना ते तसं मांडता येत नाही, इतकंच.

आता गाळा आणि नोकरी या दोन्हींकडे याच नजरेने बघा.

गाळा घेतलात तर भाडं, अनामत, दुसरा इन्व्हर्टर, दुसरं नेट आलं. त्याचं काही वाटलं नसतं, पण औसा रोडला काचेआड कॉम्प्युटर दिसला की लातुरात काय होतं हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. झेरॉक्स आहे का, पासपोर्ट फोटो निघतो का, 'नीट' परीक्षेचा फॉर्म भरून मिळेल का. पाटीवर तुम्ही काहीही लिहा, दार ढकललं जाणारच. शिवाय मिलमालकांचा रात्री साडेदहाचा फोन शटर पडलंय म्हणून थांबणार नाही, तो तुमच्या मोबाइलवर येतो. गाळ्यात तुम्हाला हवंय ते बहुधा एक दार, जे लावलं की लोकांना कळतं की आत काम चाललंय. ते दार घरातल्या आतल्या खोलीलाही आहे. आजवर ते लावायचा तुम्हालाच संकोच वाटला असेल.

नोकरीला मी नावं ठेवणार नाही. ठरलेल्या तारखेला पगार येणं ही लहान गोष्ट नाही, आणि आपल्याकडे 'नोकरी' म्हटल्यावर बाईच्या कामाला जी मान्यता मिळते ती खोटी असली तरी उपयोगी पडते. पण ही नोकरीसुद्धा त्याच घरात, त्याच लाईटवर, त्याच फायबरवर करायची आहे. नेमणुकीच्या पत्रात काही गोष्टी बारकाईने वाचा. बाहेरची कामं करायला मनाई आहे का? असेल तर तुमच्या तीस गिऱ्हाइकांचं काय करायचं, हे आधी ठरवावं लागेल. कामाचे तास कसे मोजतात? स्क्रीनवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर असेल तर डीपी जळाल्यावरचे चार तास सुट्टीत धरतात की भरून काढायला लावतात? नोटिशीची मुदत किती? नवऱ्याच्या मनातलं 'सरळ' हे विशेषण या उत्तरांवर अवलंबून आहे.

आणि समजा नोकरी घेतलीत. तीस साइटची राखण दुसऱ्या दिवशी आपोआप थांबेल का? मला तरी वाटत नाही. मालक फोन करणारच, तुम्ही उचलणारच. म्हणून नोकरी घ्या किंवा नका घेऊ, राखणीचा व्यवहार आधी मिटवावाच लागेल.

त्यासाठी सुरुवात वहीपासून. मुलीची अर्धी उरलेली एखादी वही घ्या आणि पंधरवडाभर प्रत्येक फोन, प्रत्येक 'जरा बघा ना' तिच्यात टिपा. कुणी, काय, किती मिनिटं, पैसे मिळाले की नाही. केवायसीसाठी आलेली शेजारीणसुद्धा लिहा. हे गिऱ्हाइकांना दाखवायला नाही. तुमच्या पत्रात नवऱ्याच्या नोकरीचा उल्लेख आहे, सासऱ्यांच्या पेन्शनचा आहे, पण तुमच्या मिळकतीचा एकही आकडा नाही. तुम्ही तो मुद्दाम टाळला असं मी म्हणत नाही. तुम्हालाच तो नीट माहीत नसावा असा माझा अंदाज आहे. पाचशे, दोन हजार, कधी सात हजार असे यूपीआयवर सुटे सुटे येणारे पैसे त्याच खात्यातून किराणा, गॅस, रिचार्जला जातात आणि कुणाला दिसतच नाहीत.

मग वर्षाचा देखभाल करार. पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनपासून लिफ्टपर्यंत लोक एएमसी भरतात, त्यामुळे शब्द नवा नाही. साइट बांधण्याचा दर वेगळा, देखभालीचा वेगळा. देखभालीत काय येतं ते लिहून द्या : तारखांवर लक्ष, प्रमाणपत्र, महिन्याचा बॅकअप, अपडेट आणि महिन्याला एखादा छोटा बदल. डोमेन-होस्टिंगचा खर्च पावतीप्रमाणे वेगळा घ्या, तो आपल्या दरात मिसळू नका. ३० पैकी २० जणांनी वर्षाला ३,५०० रुपये दिले तरी ७०,००० होतात. हा आकडा मी नुसता उदाहरणाला घेतलाय, तुमचा दर तुमच्या वहीतून निघेल. दहा जण नाही म्हणाले तर? म्हणू द्या. वहीत बघा, तेच दहा जण सगळ्यात जास्त फोन करणारे निघण्याची शक्यता मला दाट वाटते.

'हे सगळं एआय फुकट करून देतं' असं पुतण्याने ऐकवल्याचं तुम्ही लिहिलंय. पान बनवून देतं, खरं आहे. पान बनवण्याचा दर येत्या काळात उतरेल हे गृहीतच धरा. पण नोंद हलवताना काय राहून गेलं हे त्याच पुतण्याला महिनाभर कळलं नाही. तुमची पुढची कमाई राखणीत आहे, त्यामुळे तीच फुकट देणं आता परवडणारं नाही.

एक गोष्ट थोडी कडक शब्दांत सांगते. सोय म्हणून बहुतेक गिऱ्हाइकांची डोमेन तुम्ही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलीत. ते बदला. मालकी त्यांची असायला हवी. उद्या तुम्ही आजारी पडलात, किंवा पुण्याच्या नोकरीत अडकलात आणि एखादी तारीख हुकली, तर? डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की आधी नोंदणी कंपनीच्या सवलतीचे काही दिवस, मग ३० दिवस दंड भरून सोडवून घेण्याचे, त्यानंतर ५ दिवस ते लटकलेलं, आणि मग ज्याला हवं त्याला मोकळं. वसतिगृहाचं नाव नेमकं प्रवेशाच्या दिवसांत भलत्याच्या हाती गेलं तर दोष तुमच्यावर येईल, आणि तो चुकीचाही नसेल. गिऱ्हाइकाच्या नावे, गिऱ्हाइकाच्या ईमेलवर नोंद करा, स्वतःला तांत्रिक संपर्क म्हणून ठेवा. नाव बदलल्यावर काही वेळा ६० दिवस डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, म्हणून हे काम दिवाळीच्या आगेमागे उरका, निकालांच्या तोंडावर नको. जमेल त्यांना एकदम तीन-पाच वर्षांचे पैसे भरायला सांगा. डॉट कॉम दहा वर्षांपर्यंत घेता येतं.

नाव त्यांचं झालं की ओटीपीचा त्रास वाढेल अशी तुम्हाला धास्ती असेल. उलट आहे. बऱ्याच नोंदणी आणि होस्टिंग कंपन्या दुसऱ्या माणसाला मर्यादित अधिकार देऊ देतात. गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीतही मालक तुम्हाला व्यवस्थापक म्हणून जोडू शकतात. मग तुम्ही तुमच्या पासवर्डने आत जाता, ओटीपी तुमच्याच फोनवर येतो. आणि फोनवरून ओटीपी मागण्याची ही पद्धत मला दुसऱ्या कारणानेही धोक्याची वाटते. साठीतल्या मिलमालकांना तुम्ही आठ वर्षं सवय लावलीत की 'कॉम्प्युटरवाल्या ताईं'चा फोन आला की आलेला आकडा वाचून दाखवायचा. उद्या असाच गोड आवाज दुसऱ्या कुणाचा असेल आणि आकडा बँकेचा असेल. पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावता येतो, पण ती सवय आपण लावलेली नसावी.

आता त्या पाऊण तासाकडे. मला एक विचारायचंय : डाळ मिलची साइट त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद राहिली असती तर कुणाचं काय गेलं असतं? डाळीचा सौदा फोनवर होतो, आडतीत होतो. साइट व्यापाऱ्याला पत्ता आणि जीएसटी क्रमांक बघायला लागते. मालक घाबरले ते नुकसानीला नव्हे, तर स्क्रीनवरच्या त्या इशाऱ्याला. त्यांना वाटलं, कुणीतरी हॅक केलं. त्या वेळी एवढा निरोप पुरला असता : 'काही चोरीला गेलेलं नाही. प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. आज घरी महालक्ष्म्या आहेत, उद्या ११ पर्यंत ठीक करते.' लातूरचा माणूस महालक्ष्म्यांच्या दिवशी यावर काय बोलणार? त्यांच्याही घरी त्याच बसल्या असतील. पण तुम्ही गृहीत धरलंत की थांबायला सांगितलं की गिऱ्हाईक तुटतं. घरच्यांना मात्र न सांगताही थांबवता येतं, हेही गृहीत धरलंत.

तातडी खरोखर कधी असते, हे गिऱ्हाइकागणिक आधीच ठरवा. दहावी-बारावीचे निकाल लागल्यापासून प्रवेश संपेपर्यंत वसतिगृह आणि क्लासची साइट बंद पडणं ही तातडी. ते महिने तुमचे, रात्रीचा फोनही तुमचा, आणि त्याचा दरही तसा. अवजारांच्या दुकानाला पेरणीआधीचे आठवडे. बाकीच्यांना कामाच्या दिवशी कामाच्या वेळेत. देखरेखीसाठी फुकट मिळणाऱ्या सेवा आहेत, त्या साइट बंद पडली किंवा प्रमाणपत्राचे दिवस भरत आले की फोनवर कळवतात. तीसही साइट त्यात घाला. महिन्याचा एक दिवस राखणीचा ठेवा आणि त्या दिवशी नवं काम घेऊच नका.

तारांच्या आणि फायलींच्या तक्रारी मी झटकन उरकते, कारण त्यांचे इलाज तुम्हाला बहुतेक ठाऊकच आहेत. राउटरसाठी वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होतानाचा तो झटका आणि त्यानंतरची राउटरची पाच मिनिटं वाचतात. मोबाइलचं नेट फायबरवाल्या कंपनीचं नको, दुसरीचं ठेवा. फोटो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, तसा स्क्रीनशॉट एकदा बनवून ठेवा आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी धाडा. नळाला पाणी येतं त्या सकाळी गिऱ्हाइकाची मीटिंग ठेवू नका. हसू नका. मोटर, टाकी, पिंप आणि झूम कॉल एकत्र चालत नाहीत हे लातूरकराला मी काय सांगावं.

जुन्या फॉन्टातल्या मजकुराचं मात्र सविस्तर सांगते, कारण त्यात तुमच्या घरातलं एक माणूस आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. छपाईला ते उत्तम चालतात, वेबवर टाकले की अगम्य अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण बदलताना रफार उडतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते, आणि क्लासच्या माहितीपत्रकात अशा चार चुका राहिल्या की पालक तुम्हाला नाही, सरांना हसतात. हे तपासायला आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस तुमच्याच घरात बसलाय. सासऱ्यांना विचारून बघा. लादू नका, विचारा. त्यांनी हो म्हटलं तर पानामागे काही पैसे द्या आणि ते द्यायचेच, 'घरचेच आहेत' म्हणून सोडायचे नाहीत. तुमच्याच बाबतीत जे होतंय ते त्यांच्या बाबतीत नको.

यातून घरातल्या एका माणसाला तरी कळेल की तुम्ही दिवसभर काय करता. सासूबाईंसाठी दुसरा उपाय. एक वेगळं खातं उघडा, गिऱ्हाइकांचे सगळे पैसे तिकडे येऊ द्या आणि दर महिन्याच्या १ तारखेला एक ठरावीक रक्कम घरखर्चाला काढा, सगळ्यांना माहीत होईल अशी. किराण्याचं बिल तुमच्या खात्यातून जातं, एवढं त्यांना दिसू द्या. पैसा दाखवून मान मिळवावा हे मला मनापासून आवडत नाही. पण 'ती काही करत नाही' हे वाक्य मी ज्या घरांत बंद पडताना पाहिलंय, तिथे ते समजावून सांगून बंद पडलेलं नाही.

सासूबाईंची बाजूही घेते. त्या दिवशी त्या पाऊण तास थांबल्या, हाताशी निरांजन, समोर निवत चाललेलं पुरण, जेवायला बोलावलेली सवाष्ण ताटकळलेली. आणि अजून किती वेळ, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तुम्ही लॅपटॉपवर बसता याचा राग निम्मा असेल, उरलेला न सांगण्याचा आहे. आतल्या खोलीच्या दारावर कामाच्या वेळा लिहा : ११ ते २, ३ ते ६. त्या वेळेत दार बंद, सहानंतर लॅपटॉप बंद. अपवाद करायचा तर बाहेर येऊन सांगायचं, 'वीस मिनिटं लागतील'. गल्लीतल्या केवायसीवाल्यांना आपले सरकार सेवा केंद्राचा पत्ता द्या. अगदी जवळच्यांसाठी रविवारची सकाळ ठेवा.

तुमच्या नवऱ्याशी बोलताना वही हाताशी असू द्या. त्यांना फिरतीवर असताना रात्री साहेबांचा फोन आला, तर घरातलं कुणी 'नोकरी सोडा' म्हणतं का, हे विचारायला हरकत नाही, पण टोमण्याच्या सुरात नको. त्याहून कामाचं म्हणजे नेमकं काहीतरी मागा. ते घरी असतील त्या संध्याकाळी मुलीचा अभ्यास त्यांच्याकडे. प्रवेशाच्या हंगामात रात्रीचं जेवण त्यांच्याकडे, करून किंवा मागवून. 'हे बंद कर' म्हणणाऱ्या माणसाला 'हे चालवायला काय लागतं' ते आजवर कुणी सांगितलेलं नसेल, तर ती कसूर एकट्या त्यांची नाही.

थकलेल्या पैशांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण ते महत्त्वाचं आहे. छोट्या व्यवसायांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंट लागत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत तुमचे पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आहे की सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल मुदतीत न चुकवल्यास, ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा धरता येत नाही. मिलमालकांशी यावरून वाद घालत बसू नका. बिलावर उद्यम क्रमांक छापा, बाकीचं त्यांचे सीए सांगतील. आणि नव्या कामाला निम्मे पैसे आधी, हे आजपासून.

व्यापारी दिवाळी पाडव्याला नव्या वह्या उघडतात, तोच मुहूर्त धरा. निरोप असा पाठवता येईल, हवा तसा बदला :

'नमस्कार. पाडव्यापासून माझ्या कामाची पद्धत बदलत आहे. तुमच्या वेबसाइटच्या वर्षभराच्या देखभालीचा दर सोबत पाठवत आहे, त्यात काय येतं आणि काय येत नाही हे लिहिलं आहे. डोमेन-होस्टिंगचा खर्च पावतीप्रमाणे वेगळा. कामाची वेळ सोमवार ते शनिवार, ११ ते ६. देखभाल नको असेल तर सर्व खाती आणि पासवर्ड ३० नोव्हेंबरपर्यंत तुमच्या ताब्यात देईन. त्यानंतरचं काम तासाच्या दराने होईल.'

याखाली माफी मागू नका, 'राग मानू नये' असंही लिहू नका. हा निरोप तीसही जणांना एकाच दिवशी जाऊ द्या, नाहीतर 'त्यांना नाही लावले, मलाच लावले' हे ऐकावं लागेल.

राहता राहिलं महिनाअखेरचं उत्तर. पुण्याला 'नाही' कळवू नका आणि 'हो'ही कळवू नका. जानेवारीत रुजू झाले तर चालेल का, एवढं विचारा, आणि बाहेरच्या कामाबद्दलचं कलम लेखी मागवा. ते थांबायला तयार झाले तर पाडव्यानंतर किती करार झाले हे बघून ठरवा. थांबायला तयार नसतील, तर तीस साइट तुमच्या नावावर असताना पंधरा दिवसांत रुजू होऊ नका. गाळ्याचा विषय तोवर बाजूला ठेवा. औसा रोडला गाळे पुढच्या वर्षीही मिळतील.